वॉटसन्स हॉटेल अजून वाचू शकतं का? (आणि ताजकडून काय शिकायचं)

फोर्टकर
काळाघोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगला लागून जी पाच मजली इमारत वर्षानुवर्षं मोडकळीला आलेली दिसते, ती एस्प्लनेड मॅन्शन. मूळचं ते वॉटसन्स हॉटेल. मुंबईच्या जुन्या वास्तूंवर इथे भरपूर लिहून झालंय, वॉटसनवर स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून हा काढतेय.

माझं म्हणणं आधीच सांगते. वय झालं म्हणून ही इमारत पडायला आली, हे मला मान्य नाही. तिला धनी उरला नाही, म्हणून तिची ही दशा झाली. ह्याचा पुरावा तिथून पायी थोड्याच अंतरावर, अपोलो बंदरावर ताज हॉटेलच्या रूपात उभा आहे. तिकडे वळायच्या आधी वॉटसनचा थोडा इतिहास.

जॉन वॉटसन हा मुंबईतला कापडाचा इंग्रज व्यापारी. 1860 च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली गेली आणि एस्प्लनेडच्या मैदानालगत नवे भूखंड निघाले. त्यातल्या एकावर त्याने हॉटेल काढायचं ठरवलं. आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश ह्या इंजिनिअरने. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छताच्या कामातही त्याचा हात होता. मुंबईत दगड मुबलक आणि पाथरवटही उत्तम, पण ऑर्डिशने सांगाडा लोखंडाचा केला. खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार झाल्या, सुट्या भागांत बोटीने इथे आल्या आणि जागेवर जोडल्या गेल्या. भिंती नुसत्या भराव म्हणून, विटांच्या. सगळं वजन सांगाड्यावर. पुढे उंच इमारती ज्या तत्त्वावर उभ्या राहिल्या, ते हेच. हॉटेल 1871 मध्ये उघडलं. खोल्या सुमारे 130, चहूबाजूंनी रुंद सज्जे, आणि प्रवेश फक्त गोऱ्यांना.

7 जुलै 1896 ला ह्याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा खेळ झाला, एक रुपया तिकीट लावून. भारतात चित्रपट दाखवला गेला तो पहिल्यांदा इथे. त्याच वर्षी मार्क ट्वेन मुंबईत आला तेव्हा इथेच उतरला होता आणि सज्ज्यावर येणाऱ्या कावळ्यांबद्दल त्याने मन लावून लिहून ठेवलंय.

एवढी जागा आज पत्र्याआड गेली आहे, ह्याचा मला मनापासून त्रास होतो. जाणकारांनी लिहावं.

दौलत
सुंदर धागा. सिनेमाबद्दल एक भर घालतो. वॉटसनमधल्या खेळानंतर आठवड्याभरात हे प्रयोग नॉव्हेल्टी थिएटरमध्ये सुरू झाले आणि तिथे शहरातला सामान्य प्रेक्षक आला. आपल्या मराठी माणसांनी लक्षात ठेवावं असं नाव म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, सावेदादा. त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. ही हलती चित्रं पाहून त्यांनी लंडनहून 21 गिनी मोजून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनला झालेली कुस्ती चित्रित केली. फाळक्यांच्या कितीतरी आधी.

आणि ताजचा विषय निघालाच आहे तर ते बांधणाऱ्या जमशेटजी टाटांची गोष्ट यायलाच हवी. त्यांना वॉटसनच्या दारातून परत पाठवलं आणि त्यातून ताज उभं राहिलं.

जुना_नकाशा
दौलत, ही गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही आवडते, पण अनेक अभ्यासकांना ती पटत नाही. वॉटसनमध्ये प्रवेश फक्त गोऱ्यांना होता, तो भेदभाव खरा होता. तेवढ्यावरून जमशेटजींनी रागाच्या भरात हॉटेल बांधलं, असं मात्र निघत नाही. 1896 च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती. माणसं शहर सोडून पळत होती, व्यापार बसला होता. बाहेरून येणाऱ्याने बिनधास्त उतरावं अशी जागा शहरात नव्हती. जमशेटजींच्या डोक्यात मुंबईचं भवितव्य होतं, एवढं त्यांच्या बाकीच्या उद्योगांवरून कळतं. त्याच काळात ते पोलादाचा कारखाना आणि बंगलोरची विज्ञानसंस्था ह्यांच्या मागे होते. घरच्यांना हे हॉटेलचं खूळ रुचलं नव्हतं. विज्ञानसंस्था काढणारा माणूस आता भटारखाना काढणार का, असं बहिणीने विचारल्याची आठवण टाटांच्या चरित्रांत येते.

ते हॉटेलसाठी स्वतः युरोपभर हिंडले. दिवाणखान्याचे लोखंडी खांब पॅरिसहून, लिफ्ट जर्मनीहून, पंखे अमेरिकेहून. 16 डिसेंबर 1903 ला ताज उघडलं आणि मे 1904 मध्ये जमशेटजी गेले. जेमतेम पाच महिने त्यांना ते चालतं पाहायला मिळालं.

नवी_पालवी
मी लहानपणापासून ऐकत आलेय की ताज उलटं बांधलं गेलं, समुद्राकडे तोंड हवं होतं ते शहराकडे झालं आणि आर्किटेक्टने घुमटावरून उडी मारली. खरं का?

जुना_नकाशा
नाही. दोन्ही बाबी खोट्या. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूलाच ठरलेलं होतं, कारण पाहुण्यांच्या गाड्या तिकडून यायच्या. इमारत इंग्रजी यू अक्षरासारखी, तिचं मोकळं अंगण त्या बाजूला. हल्ली तिथे पोहण्याचा तलाव आहे. आणि गेटवेमुळे आपल्याला वाटतं की समोरची बाजू ती, पण गेटवे पूर्ण झालं 1924 मध्ये. ताज आधीचं.

आर्किटेक्टबद्दल जास्त सांगायला हवं, कारण ह्या उडीच्या कहाणीने खरं नाव झाकलं गेलंय. ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ह्यांचा. वैद्यांनी व्हीटी स्टेशनच्या बांधकामात त्या स्टेशनचा आर्किटेक्ट स्टीव्हन्स ह्याच्यासोबत काम केलं होतं. ताजचं काम अर्धवट असताना वैद्यांचं निधन झालं आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रजाने ते पुरं केलं. मधला तो अधांतरी वाटणारा भव्य जिना कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रुतनजी ह्यांच्या डोक्यातून निघाला. म्हणजे मुंबईचं हे सगळ्यात ओळखीचं हॉटेल मुळात एका मराठी आणि एका पारशी माणसाने रेखाटलं. शाळेच्या पुस्तकात वैद्यांचं नाव यायला हवं, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

सज्जा
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे फोर्टकर ह्यांच्या मूळ मुद्द्यावर लिहितो.

26 नोव्हेंबर 2008 ला ताजवर हल्ला झाला. तिथे 31 जणांचा जीव गेला. ती नावं आजही लॉबीतल्या स्मारकावर आहेत आणि दुरुस्तीबद्दल बोलताना ती विसरता कामा नयेत. वास्तूपुरतं बोलायचं तर जुन्या पॅलेस विंगच्या वरच्या मजल्यांना आणि घुमटाखालच्या भागाला आगी लागल्या आणि खालच्या मजल्यांवर स्फोट आणि गोळीबार झाला. टॉवर विंग 21 डिसेंबर 2008 लाच उघडली. पॅलेस विंगला 15 ऑगस्ट 2010 पर्यंत वेळ लागला, म्हणजे वीस महिन्यांहून थोडा जास्त. खर्च पावणेदोनशे कोटींच्या घरात.

लोकांना वाटतं आगीने जळलं ते नुकसान. जळालेलं निदान दिसतं तरी. आग विझवताना मारलेलं पाणी मजल्यामजल्यातून झिरपत खाली येतं, लाकडी कडीपाटात, छताच्या नक्षीकामात, भिंतींच्या पोटात जाऊन बसतं. चुन्याचा गिलावा ते पाणी धरून ठेवतो. घाईघाईने वरून रंग मारला की सहा महिन्यांनी फुगे येतात, क्षार बाहेर पडतात आणि बुरशी धरते. त्यामुळे आधी वाळवणं. धीर धरून, हवा खेळती ठेवून. मग काजळी. ती ओल्या फडक्याने पुसायला गेलं तर आत घासली जाते आणि कायमची बसते. आधी कोरडी साफसफाईच करावी लागते.

गिलावा राखायचा की काढायचा, हे ठरवायची साधी रीत आहे. जुना गवंडी लाकडी दांडक्याने किंवा बोटाच्या पेराने भिंत ठोकत पुढे सरकतो. टणक आवाज आला तर गिलावा भिंतीला धरून आहे. पोकळ, भद्द आवाज आला की खडूने गोल करतो. दिवसभरात भिंतीवर नुसते खडूचे गोल दिसतात. त्या गोलांपुरतंच उकरायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. चांगल्या जुन्या कामाला धक्का न लावता नवीन भरण्यातच सगळं कौशल्य आहे. तिथे सिमेंट भरलं की संपलं. सिमेंट कडक आणि बंदिस्त, त्याला भिंतीतली ओल बाहेर सोडता येत नाही, मग शेजारचा शंभर वर्षं टिकलेला चुना सुटायला लागतो. चुना नीट विझवून, मुरवून, मळूनच वापरावा लागतो. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि ते काम येणारे हात आता कमी आहेत.

ताजला हे सगळं जमलं, कारण पहिल्या दिवसापासून मालक एकच. निर्णय घेणारं एक टेबल होतं. सी लाउंजसारख्या जागा लोकांच्या आठवणीत होत्या तशा राखायच्या, खोल्या आणि सुरक्षा मात्र नव्याने करायची, हे तिथे ठरलं आणि तसं झालं. मधल्या काळात कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं नाही, हेही मी दुरुस्तीचाच भाग मानतो. कोणतं दार कुठे उघडायचं आणि कुठला नळ कुठून येतो, हे नकाशापेक्षा त्या माणसांना जास्त माहीत असतं.

पागडीतला
सज्जा, प्रतिसाद आवडला. पण "धनी नाही" ह्या वाक्यामागे नेहमी एक आरोप लपलेला असतो, की भाडेकरूंनी इमारत खाल्ली. मी स्वतः उपकरप्राप्त इमारतीत (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत) वाढलो, म्हणून ही बाजू मांडतो.

वॉटसन हॉटेल म्हणून बंद पडल्यावर तिचे भाग पाडले गेले. मोठ्या दालनांच्या खोल्या झाल्या, खोल्यांची खुराडी झाली. समोर कोर्ट असल्यामुळे वकिलांनी कचेऱ्या थाटल्या, झेरॉक्सवाले आले, टंकलेखनवाले आले, काही कुटुंबंही राहत होती. 2005 च्या सुमारास 50 हून जास्त कुटुंबं आणि 100 च्या आसपास व्यावसायिक गाळे होते. ह्यातल्या एकानेही सज्जा मोडला नाही. त्यांनी पागडी (जागा घेताना एकरकमी द्यायचे पैसे) दिली, भाडं भरलं, पावत्या घेतल्या.

भाडं किती? मुंबईचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली गेली. युद्ध, फाळणी, शहरात लोटलेली माणसं, त्या वेळी कायदा हवाच होता, नाहीतर गरिबाला रस्त्यावर यावं लागलं असतं. चूक ही की तो तसाच पन्नास वर्षं चालू राहिला. 1999 चा नवीन कायदा आला, त्यात वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली, पण मुळात आकडाच इतका खाली की त्याच्या 4 टक्क्यांतून रंगाचा डबाही येत नाही. मालक म्हणतो ह्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणतो इमारत माझी नाही, मी का खर्च करू. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ उपकर घेतं, पण त्याच्या पैशात टेकू लागतात, संवर्धन होत नाही. तिघांचंही म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे आणि इमारत मात्र खचत जाते.

फोर्टकर
पागडीतला, भाडेकरूंना दोष द्यायचा माझा हेतू नव्हता, आणि तुम्ही हे इतकं नीट मांडलंत ह्याबद्दल आभार. "धनी" म्हणजे मला सातबाऱ्यावरचं नाव अभिप्रेत नाही. छत गळलं तर आज रात्री कोणाचा फोन वाजतो? ताजमध्ये त्याचं उत्तर आहे. वॉटसनमध्ये मालक होता, शेकड्याने भाडेकरू होते, म्हाडा होती, महापालिका होती, वारसा समिती होती, आणि तरी फोन कोणाचाच वाजत नव्हता.

घटनाक्रम पाहा. मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली 1995 मध्ये आली, देशात पहिली. वॉटसनला श्रेणी 2-अ मिळाली. 2005 मध्ये सज्ज्यांचा मोठा भाग रस्त्यावर कोसळला, त्यात माणूस दगावला. 2006 च्या जगातल्या धोक्यात असलेल्या 100 वास्तूंच्या यादीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिचं नाव घातलं. त्यासाठी रेंझो पियानोसारखा आर्किटेक्ट पुढे आला होता. 2018 मध्ये पुन्हा सज्ज्याचा भाग पडला, खाली टॅक्सी चेपली. 2019 मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालात दुरुस्ती व्यवहार्य नसल्याचा निष्कर्ष आला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि इमारत रिकामी करून घेतली. म्हणजे पहिला माणूस दगावल्यापासून चौदा वर्षं सगळ्यांना सगळं माहीत होतं.

हावडा_पूल
नोकरीमुळे कोलकात्यात आहे, म्हणून इथलं उदाहरण. ग्रेट ईस्टर्न हॉटेल. 1840 च्या आसपास डेव्हिड विल्सनने ऑकलंड हॉटेल म्हणून सुरू केलेलं, आशियातल्या सगळ्यात जुन्या मोठ्या हॉटेलांपैकी एक. 1970 च्या दशकात राज्य सरकारने ताब्यात घेतलं आणि त्यानंतर ते उतरणीला लागलं. 2005 मध्ये सरकारने ते एका खासगी हॉटेल कंपनीला विकलं. उघडायला 2013 उजाडलं. आठ वर्षं! ताजच्या वीस महिन्यांपुढे ठेवलं की कळतं, आग लागलेल्या इमारतीपेक्षा दुर्लक्षित इमारत उभी करणं किती अवघड असतं.

आणि एक, सरकारने ताब्यात घेतलं की प्रश्न सुटतो असं समजू नका. इथे तसं झालं नाही.

नवी_पालवी
मुंबईतलंच रॉयल ऑपेरा हाउस पण घ्या ना. 1993 मध्ये बंद पडलं, 2016 मध्ये पुन्हा उघडलं, आणि पुढच्या वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मालक गोंडलचं राजघराणं, एकच. म्हणजे फोर्टकर ह्यांचा मुद्दा तिथेही लागू पडतो.

मला एक तांत्रिक शंका आहे. वॉटसनचा नुसता दर्शनी भाग ठेवून मागे नवी इमारत बांधली तर? रस्त्यावरून तीच दिसेल, आत नवीन काम, आणि पैसेही उभे राहतील. परदेशात असं करतात असं वाचलंय.

दौलत
मला हा मधला मार्ग पटतो. काहीच न उरण्यापेक्षा दर्शनी भाग उरलेला बरा.

सज्जा
दगडी इमारतीत ह्यावर निदान वाद तरी घालता आला असता. तिथे दर्शनी भिंत स्वतःच्या पायावर उभी असते. वॉटसनमध्ये दर्शनी भाग म्हणजे सांगाड्याचाच पुढचा पदर. पुढचे खांब आतल्या तुळयांना बांधलेले, तुळया पुढच्या ओळीतल्या खांबांना. मागचं काढलंत तर पुढे उरतात सुटे खांब आणि त्यांच्यामधल्या विटा, ज्या कधी वजन घेण्यासाठी नव्हत्याच. आणि ह्या इमारतीचं महत्त्व तिच्या नक्षीत नाही, सांगाड्यात आहे. तो टाकून दिला तर मग नेमकं काय जपलं?

तो दुरुस्त होतो का, हा खरा प्रश्न. ओतीव लोखंड दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चं आणि ठिसूळ. वाकून इशारा देत नाही, थेट तडकतं. ते साध्या वेल्डिंगने जोडायला गेलं तर उष्णतेने शेजारी नवीन भेग पडते. म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून धातूचे टाके घालतात, थंड अवस्थेतच. हे काम जहाजांच्या इंजिनांवर पूर्वीपासून होत आलंय, त्यामुळे बंदराच्या शहराला ते परकं नाही. जे खांब पार गेलेत त्यांचे लाकडी साचे करून नवीन ओतता येतात. तुळयांवरचा गंज काढून जाडी मोजायची, कमी भरली तर बाजूने पोलादी पट्ट्यांचा आधार द्यायचा.

सगळ्यात वाईट नुकसान गंजाचंच. गंजलेलं लोखंड मूळच्या कित्येक पट फुगतं. तुळईचं टोक विटांच्या भिंतीत असतं, तिथे पाणी मुरलं की ते टोक फुगून भिंतच बाहेर ढकलतं. सज्जे ह्याचमुळे पडतात. वरून कुंड्या, पत्रे, वाढवलेल्या मोऱ्या, टाक्या ह्यांचं ओझं, आणि आतल्या चौकात साठलेला कचरा पावसाचं पाणी अडवून धरणारा. समुद्राची खारी हवा आहेच.

आयआयटीच्या अहवालाला मी खोटं ठरवत नाही. "आहे त्या स्थितीत, आहे त्या पैशात, माणसं आत ठेवून" दुरुस्ती अशक्य होती, हे मलाही मान्य. पण इमारत आता रिकामी आहे. ओझं उतरलंय. पूर्वी ज्या तपासण्या करताच येत नव्हत्या, त्या आता करता येतात. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यायचा, त्याची जाडी आणि भेगा नोंदवायच्या, मग कोणता ठेवायचा आणि कोणता बदलायचा ते ठरेल. सरसकट "सगळं गेलंय" असं म्हणण्याआधी ही यादी लोकांसमोर यावी, एवढंच मागणं आहे.

पागडीतला
आणि त्या यादीसोबत दुसरी यादी: कोणाचा गाळा किती चौरस फुटांचा होता आणि त्याला परत काय मिळणार. ती कागदावर आल्याशिवाय एकही भाडेकरू संवर्धनाच्या बाजूने उभा राहणार नाही, आणि ते गैर नाही. वारसा इमारतीला विकासहक्क हस्तांतरणाची, म्हणजे तिथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, तरतूद नियमावलीत आहे. त्यातून येणाऱ्या पैशाचा काही भाग भाडेकरूंच्या पुनर्वसनाला बांधून टाकला, तर मालक, भाडेकरू आणि इमारत तिघांचं हित एका दिशेला येऊ शकतं. वकिलांची इमारत होती ती. मसुदा करायला माणसं कमी पडायची नाहीत.

फोर्टकर
सज्जा आणि पागडीतला, तुम्ही दोघांनी हे एकत्र लिहून काढाल का? तांत्रिक भाग सज्जांचा, हक्कांचा भाग तुमचा. दर्शनी भाग ठेवण्याच्या पर्यायावरचं सज्जांचं उत्तर त्यात जसंच्या तसं घ्या, कारण हा प्रस्ताव पुन्हा येणार ह्याची मला खात्री आहे. जुना_नकाशा, वॉटसनचे जुने फोटो तुमच्याकडे असतील तर सज्ज्यांची मूळ रचना दिसेल असे निवडून द्या, खांबांच्या ओळी मोजायला उपयोगी पडतील. वारसा समितीकडे निवेदन द्यायचं तर ते मराठीतच जावं आणि त्यात दोन्ही याद्यांची मागणी पहिल्या पानावर असावी. मी मसुद्यासाठी वेगळा धागा उघडते आणि त्याचा दुवा इथे देते.